साळवे सरांचं नेलकटर

आमच्या दवाखान्यातल्या शस्त्रक्रियेच्या ट्रेमध्ये चिमटा, कात्री, सुई, रेशमी दोरा आणि छोटा आरसा यांच्या शेजारी एक नेलकटर असायचं. उकळलेलं, पुसलेलं, पांढऱ्या फडक्यावर बाकीच्यांच्या रांगेत मांडलेलं. औषध कंपनीचा एक टाय लावलेला माणूस एकदा मला हळूच म्हणाला, "मॅडम, हे इथं चुकून राहिलंय का?" मी म्हटलं, "नाही, ते सगळ्यात आधी लागतं." त्याला पुढचं सांगत बसले नाही, कारण सर आतल्या खोलीत होते आणि त्यांच्यासमोर तो विषय कुणी काढत नसे. आता सर नाहीत, तेव्हा सांगायला हरकत नाही.

पाटीवर त्यांचं नाव डॉ. दामोदर साळवे असं होतं, पण दामू अशी हाक मारणारं माणूस जगात एकच उरलं होतं, त्यांची थोरली बहीण. बाकी नाशकाला ते साळवे डॉक्टर आणि मला साळवे सर. शालिमारजवळ एका कापडाच्या दुकानाच्या वर, लाकडी जिना चढून गेलं की त्यांच्या दोन खोल्या. मी आणीबाणीच्या आदल्या वर्षी लग्न होऊन पुण्याहून नाशकात आले, तेव्हा माझ्याकडे दंतवैद्यकाची ताजी पदवी होती आणि तेवढीच ताजी घमेंड. सरांनी माझे मार्क विचारले नाहीत. विचारलं, "मशेरी लावणाऱ्या बाईला मशेरी सोड असं कसं सांगाल?"

मी सांगितलं. चांगलं दहा मिनिटं सांगितलं. तंबाखू, हिरड्या, दातांची झीज, कर्करोग, काही म्हणून सोडलं नाही. सरांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाले, "छान. बाई केव्हाच उठून गेली." मग मला सोमवारपासून यायला सांगितलं.

बुटका, सावळा माणूस. इस्त्रीचा पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, आणि चपला स्वतःच्याच दवाखान्याच्या उंबऱ्याबाहेर. आत ते सपाता घालत, पण रस्त्यावरची चप्पल पेशंटजवळ नेत नसत. पेशंटच्या तोंडात आरसा घालण्याआधी ते दर वेळी विचारायचे, "येऊ का?" पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसूच फुटलं. शेजाऱ्याच्या दारात उभं राहून विचारावं तसं ते विचारत आणि उत्तर येईपर्यंत थांबत. खेड्यातल्या बायका आधी गोंधळायच्या, मग लाजायच्या आणि "या की" म्हणायच्या. एकदा या म्हटल्यावर बाई तोंड मिटत नाही, हा त्यात सरांचा फायदा होताच. पण फायद्यासाठी ते विचारत नव्हते, हे कळायला मला दोनेक वर्षं लागली. ज्या वस्तीत ते वाढले, तिथल्या माणसांच्या दारात कुणी विचारून येत नसे, एवढंच एकदा ते बोलून गेले होते.

आमच्याकडे येणारे निम्मे लोक एकाच तक्रारीचे. मशेरी घासून घासून हिरडी खाली सरकलेली, दाताचं मूळ उघडं पडलेलं, आणि गार पाणी प्यायलं की कळ थेट मस्तकात. सर नवे डॉक्टर झाले त्या काळी अशा मुळाला पडलेला खळगा चांदीने नाहीतर सिमेंटने भरून टाकायची पद्धत होती. सरांनी तेच केलं. शेकडो लोकांना केलं. कळ थांबायची आणि लोक दुवा देत घरी जायचे. दहा-बारा वर्षांनी तेच लोक परत येऊ लागले, तेव्हा हिरडी त्या भरलेल्या चांदीच्याही खाली गेलेली असे. चांदीच्या खरखरीत कडेवर घाण साठायची आणि हिरडी तिथून आणखी मागे हटायची. यात सरांचा दोष नव्हता. सगळे तेच करत होते, मलाही कॉलेजात तेच शिकवलं होतं. पण सरांनी ते मनाला लावून घेतलं. "मी नुसतं बुजवत राहिलो. झाकायला हवं होतं," असं ते म्हणत.

झाकायचं कसं, हे सर मुंबईला जाऊन शिकून आले. टाळूवरून हिरडीचा पातळ काप काढायचा आणि उघड्या मुळावर बसवून रेशमाने शिवायचा. कोऱ्या मुळावर हे जमत होतं. पण आधी चांदी किंवा सिमेंट भरलेल्या मुळावर हिरडी धरत नाही, असं आमच्या पुस्तकात होतं, आणि मी ते सरांना अगदी पान क्रमांकासकट सांगितलं.

सर म्हणाले, "पुस्तकात नाही हे हिरडीला माहीत असतं का?"

मग ते जुनी चांदी कण न् कण कोरून काढू लागले. सुईचं टोक कुठे अडकेनासं होईपर्यंत मूळ घासायचं, धुवायचं, पुन्हा घासायचं. त्यावर टाळूचा काप. काहींचं धरलं, काहींचं नाही. धरलं नाही की सर दोन दिवस डब्यातली भाजी तशीच परत न्यायचे.

ऑपरेशन म्हटलं की खेड्यातला माणूस जिना उतरून पळायचा. म्हणून सरांनी त्याला शब्द शोधला, कलम. बाहेरच्या खोलीच्या खिडकीत त्यांनी डालड्याच्या डब्यात गुलाब लावला होता. खाली गावठी खोड आणि वर स्वतः भरलेला दुसऱ्या गुलाबाचा डोळा, त्याला पिवळी फुलं यायची आणि खालून फुटलेल्या फांदीला गुलाबी. लोकांना तो डबा दाखवून ते म्हणायचे, हे असंच करायचं, फक्त हिरडीचं. द्राक्षाच्या, गुलाबाच्या मुलखात याहून जास्त काही सांगावं लागत नसे. देवळ्याच्या एका कांदेवाल्याने खुर्चीत बसता बसता विचारलं, कलम कुठल्या जातीचं? सर गंभीरपणे म्हणाले, तुमच्याच टाळूचं, घरचंच बियाणं. तो खूश होऊन आडवा झाला. शब्द इतका चपखल बसला होता की मलाही सरांचा हेवा वाटायचा.

आणि मग त्यांनी ते रविवारचं खूळ काढलं. आपण ज्यांची मुळं बुजवली त्यांना शोधून काढायचं आणि जमेल त्यांना कलम करून द्यायचं. नावं त्यांच्या लक्षात नसत, दात असत. मी एकदाच त्यांच्याबरोबर लासलगावला गेले. कांद्याचा लिलाव चालू होता, ट्रॅक्टरच्या रांगा, धूळ, ओरडा. त्यात सर एका फेटेवाल्यासमोर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "खालचा डावा सुळा. येऊ का?" त्या माणसानेही भर बाजारात आ केला. सरांनी त्याला सांगितलं, "हे मी भरलंय, चौदा-पंधरा वर्षं झाली. चुकलं माझं. काढून नीट करून देतो, नाशकाला या." त्याचा दात दुखतही नव्हता. चुकलं म्हणायला शोधत येणारा डॉक्टर त्याने पाहिला नव्हता, आणि खरं सांगायचं तर मीही नव्हता पाहिला.

परतीच्या एसटीत मी म्हटलं, "सर, किती जणांना शोधणार?" ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "सगळ्यांना मिळून एकच आहे हो." तेव्हा मला कळलं नाही. त्या वर्षीच्या दिवाळीनंतर आक्का, त्यांची ती थोरली बहीण, दवाखान्यात आल्या, तेव्हा कळलं.

आक्का दिंडोरीकडच्या एका रोपवाटिकेत कलमं बांधायच्या. वडील लवकर गेले, तेव्हापासून आंब्या-पेरूची कलमं बांधून त्यांनी धाकट्या भावाला शिकवलं. दामू डॉक्टर झाला, तेव्हा त्याच्या खुर्चीत पहिल्यांदा बसल्या त्या आक्काच. खालच्या पुढच्या दोन दातांची मुळं उघडी होती, दामूने ती चांदीने भरली. त्यानंतर वर्षभर आक्का भेटेल त्याला ओठ खाली ओढून दाखवत होत्या, माझ्या दामूनं चांदी भरली. सोयऱ्यांना, बाजारात, बुद्धवंदनेला आलेल्या बायकांना. ओठ ओढून दाखवायची त्यांना सवयच लागली. पुढे चांदी काळी पडली, हिरडी आणखी खाली गेली, दात लांब दिसू लागले आणि हलू लागले. आक्कांनी दाखवणं बंद केलं आणि हसताना पदर तोंडावर घ्यायला लागल्या. भावाला एका शब्दाने बोलल्या नाहीत. हे बोलणं नसणंच सरांना खात होतं.

त्या दिवशी बाहेरच्या खोलीत बसल्या बसल्या आक्कांचं लक्ष खिडकीतल्या डब्याकडे गेलं. सरांनी एक नवा डोळा भरला होता, तो सुकला म्हणून ते काढून टाकणार होते. आक्कांच्या उजव्या अंगठ्याचं नख चांगलं लांब होतं, कडेला हिरवट काळं. त्यांनी त्या नखाने साल जराशी खरवडली. आत हिरवं दिसलं.

"जितं हाय," त्या म्हणाल्या. "फेकू नको, दामू."

तीस वर्षं त्या हेच करत होत्या. बांधलेली पट्टी चार-पाच दिवसांनी सैल करायची, नख लावायचं, हिरवं दिसलं की पुन्हा बांधायची. रोपवाटिकेत त्यांच्या नखावर सगळ्यांचा भरवसा होता. हे सगळं मी आणि सरांनी त्या सकाळी डोळ्यांनी पाहिलं. पाहून मी कौतुकाने हसलेसुद्धा.

सरांनी आक्कांना तेच सांगितलं, जे सगळ्यांना सांगत होते. कलम करतोय. जुनी चांदी काढून, तुझ्याच टाळूचं, खालच्या दोन्ही दातांवर. हे दोन दात राहिले तर राहिले, नाहीतर वर्षभरात जातील. आक्का म्हणाल्या, "बांध की मग." त्या दिवशी सरांनी तीन तास घेतले. एवढा घाम आलेला मी त्यांना आधी कधी पाहिला नव्हता. चांदी काढताना ते मध्येच थांबले आणि तो काळा कण कापसावर घेऊन बघत राहिले. मग वरून लवंगेच्या तेलाचा वास येणारा लेप लावून आठ दिवसांनी बोलावलं.

आक्का सहाव्या दिवशीच आल्या. जिना चढून, धापा टाकत, तोंडावर पदर नाही, चेहऱ्यावर हसू.

"दामू, धरलं रे. पट्टी सैल करून बघितलं. नख लावलं तं रगत आलं. जितं हाय."

सर खुर्चीजवळ उभे होते. "येऊ का?" एवढंच म्हणाले. लेप निघालेला होता, टाके तुटले होते आणि कापाचा एक कोपरा लोंबत होता. बाकीचा कुठे गेला ते आक्कांनाही माहीत नव्हतं. सरांनी आरसा ट्रेमध्ये ठेवला. ठेवताना तो वाजला, आणि सरांच्या हातून ट्रे कधी वाजत नसे.

आक्कांना ते सांगायचं काम माझ्यावर आलं. मी जमेल तितकं सौम्य सांगितलं, की हिरडीचं तसं नसतं, तिला हात लावायचा नसतो, रक्त आलं म्हणजे ती सुटली. आक्का ऐकत होत्या आणि स्वतःच्या अंगठ्याकडे बघत होत्या. सर आतल्या खोलीतून म्हणाले, "तिला नका सांगू. तिचं काही चुकलं नाही. शब्द माझा होता." त्यानंतर सबंध आठवडा खिडकीतला डबा दिसला नाही. तो जिन्याखाली ठेवलेला मला सापडला आणि मी विचारल्याशिवाय त्याला पाणी घालत राहिले.

एक दात गेला. तो सरांनी काढला नाही, मीच काढला. दुसरा हलत होता, पण उभा होता. पाच-सहा महिन्यांनी आक्का पुन्हा आल्या, न बोलावता. खुर्चीत बसल्या आणि दोन्ही हात पुढे पसरले. दहाही नखं मुळापासून कापलेली होती. उजव्या अंगठ्याचं इतकं खोल की कडेला जखम झाली होती.

"आता बांध," त्या म्हणाल्या. "मला लावाया नखच नाय."

मी विचारलं, रोपवाटिकेत कसं चालतं मग? त्या म्हणाल्या, मला पिशव्यांत माती भराया बसवलंय, नख येईस्तोवर. एवढं साधं सांगितलं. सर हात धुवायला गेले आणि नळ बराच वेळ चालू राहिला.

दुसरं कलम सरांनी एकाच दाताला केलं. आठव्या दिवशी लेप काढला तेव्हा काप पांढुरका, मेल्यासारखा दिसत होता. मी सरांकडे बघितलं. सर म्हणाले, सुरुवातीला असंच दिसतं, तीन आठवड्यांनी कळेल. आणि आक्कांना म्हणाले, "तोवर ओठ खाली करायचा नाही. कुणाला दाखवायचं नाही. आरशातसुद्धा बघायचं नाही."

"तू बघशील तवाच," आक्का म्हणाल्या.

तीन आठवड्यांना तीन दिवस उरले असताना दुपारी निरोप आला. रोपवाटिकेत शेडखाली मातीच्या पिशव्या भरता भरता आक्का बसल्या जागी कलंडल्या होत्या. हृदय बंद पडलं, असं तिथल्या डॉक्टरने सांगितलं. मी सरांबरोबर गेले. पांढरं लुगडं नेसवलेलं होतं, वस्तीतल्या बायका भोवती बसल्या होत्या, वंदना सुरू व्हायची होती. सर जाऊन उशाशी बसले. मला वाटलं, ते आता रडतील, आणि रडावं असं मला मनापासून वाटत होतं. पण ते वाकले आणि अगदी हळू म्हणाले, "येऊ का, आक्का?"

ते थांबले. नेहमी थांबत तेवढेच थांबले. मग अंगठ्याने त्यांनी तिचा खालचा ओठ जरा खाली केला आणि बघितलं. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. सरांनी ओठ पुन्हा नीट लावला, पदर सारखा केला आणि उठून बाहेर आले. मी त्यांना काही विचारलं नाही, आणि ते काही बोलले नाहीत. त्या वेळी नाही आणि पुढे कित्येक वर्षंही नाही. काय दिसलं असेल, याचा मी घरी, बसमध्ये, दवाखान्यात खूप विचार केला. विचारायची हिंमत मात्र झाली नाही.

पुढच्या आठवड्यात ट्रेमध्ये नेलकटर आलं. कलम हा शब्द मागे घेता येण्यासारखा राहिला नव्हता, तो गावोगाव गेला होता. लोक जिना चढतानाच विचारत, कलमवाले डॉक्टर हेच का? तेव्हा सरांनी शब्द राहू दिला आणि नखं कापायला घेतली. कलम करायच्या आधी पेशंटची दहाही नखं ते स्वतः कापायचे. पुरुष हसायचे, बायका हात मागे ओढायच्या. सर ऐकत नसत. पुढे त्यांचा हात थरथरू लागला आणि शस्त्रक्रिया माझ्याकडे आली. पण नखं त्यांनी कुणाला दिली नाहीत. ते स्टूल ओढून पेशंटच्या पायाशी बसायचे, चष्मा कपाळावर, आणि एकेक बोट हातात घ्यायचे. कलम मी करायचे आणि नखं सर कापायचे, असं आमचं शेवटची काही वर्षं चाललं.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते असंच. त्या दिवसानंतर ते आजारी पडले, दवाखान्यात आले नाहीत आणि त्याच महिन्यात गेले. निफाडकडची एक म्हातारी खुर्चीत होती, मूळ चांदीने भरलेलं, चांदी सरांच्याच हातची. मी भुलीचं इंजेक्शन भरत होते. सर खाली स्टुलावर बसून तिची नखं कापत होते. अंगठ्याशी आल्यावर म्हातारीने हात आवरला.

"एवढं राहू द्या, डॉक्टर. लसूण कशानं सोलू?"

"महिनाभर सुनेला सोलू द्या," सर म्हणाले.

तिने नाइलाजाने अंगठा पुढे केला. सर कापायला लागले. जरा वेळाने तिने विचारलं, "एवढं सारं करून धरतं का हो पन? धरलंय का कुनाचं?"

नेलकटर थांबलं. मी सुई हातात धरून तशीच उभी राहिले. खिडकीत डबा होता, त्याला त्या वर्षी दोन्ही रंगांची फुलं आली होती.

"धरलंय," सर म्हणाले. "माझ्या आक्काचं धरलं होतं."

मग त्यांनी तिचा दुसरा हात मागितला.